झाकली मूठ

आमच्या गोमंतकात फुटबॉल हा शब्द उच्चारला की भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात चेंडूमागे धावणारी मुले डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु ज्या फुटबॉलविषयी आज आम्ही चार शब्द लिहिणार आहोत, तो खेळ निराळा आहे. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात त्या खेळातील चेंडू लांबट असून तो पायापेक्षा हातानेच अधिक हाताळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. या अकरांतील मुख्य गड्यास 'क्वार्टरबॅक' म्हणतात. जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. धिप्पाड प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना अवघ्या दोन-तीन क्षणांत चेंडू कोणाकडे फेकावयाचा, हे त्याला ठरवावे लागते. हे काम एका वेळी एकालाच करता येते. दुसरा, राखीव क्वार्टरबॅक, बाजूला उभा राहून आपली पाळी कधी येईल याची वाट पाहत असतो.

मुख्य गडी दोन सामने हरला की तेथील क्रीडारसिकांत वाद पेटतो: त्याला बसवावे काय आणि त्या राखीव गड्यास खेळवावे काय? गावातील सर्वांत लोकप्रिय मनुष्य म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, असे त्या देशात विनोदाने म्हटले जाते. आपल्या मराठीत याचे मर्म फार पूर्वीच सांगून ठेवले आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. जो मैदानात उतरलाच नाही, त्याच्या चुका कोणी पाहिलेल्या नसतात. मुख्य गड्याच्या दोषांची यादी सर्वांस पाठ असते; राखीव गड्याच्या ठायी मात्र प्रत्येक जण आपल्या मनातील गुण पाहतो. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो, "ज्याने काही करून दाखविले नाही, त्याच्यावर विश्वास कसा टाकावा?" हा प्रश्नही सयुक्तिक दिसतो. परंतु पाण्यात पडल्यावाचून पोहता कसे येणार, हे तो पक्ष सांगत नाही.

या वादाचे एक प्रसिद्ध उदाहरण २००१ सालचे आहे. बोस्टन परिसरातील 'न्यू इंग्लंड पेट्रियट्स' या संघाचा क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो. १९९३ च्या खेळाडू-निवडीत तो देशात पहिला निवडला गेला होता. त्याच्या आगमनापूर्वीच्या हंगामात सोळांपैकी केवळ दोन सामने जिंकणाऱ्या या संघास त्याने १९९७ च्या जानेवारीत अंतिम सामन्यापर्यंत नेले. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्याशी दहा वर्षांसाठी १० कोटी ३० लाख डॉलरांचा करार झाला. त्याच संघात टॉम ब्रेडी नावाचा एक तरुण होता. २००० सालच्या निवडीत त्याचा क्रमांक होता १९९ वा. पहिल्या वर्षी तो संघातील चौथा क्वार्टरबॅक होता आणि संपूर्ण हंगामात त्याने अवघे तीन वेळा चेंडू फेकले. त्यांतील एकच नेमका पोहोचला.

२३ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यात ब्लेडसोला जबर धडक बसून छातीत रक्तस्राव झाला आणि ब्रेडीला मैदानात उतरावे लागले. पुढे ब्रेडी काही सामने जिंकला, काही हरला. डेन्व्हर येथे तर अखेरच्या सत्रात त्याने फेकलेले चार चेंडू प्रतिपक्षाने झेलले. नोव्हेंबरात ब्लेडसो बरा होऊन परतला, तेव्हा वादास तोंड फुटले. एका पक्षाचे म्हणणे असे की, ब्लेडसोने आपली जागा खेळाने नव्हे, दुखापतीने गमावली होती. ती त्याला परत न देणे हा अन्याय होय. दुसरा पक्ष म्हणे, संघाची घडी बसू लागली आहे, ती मोडू नका. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्यांश होता. म्हणूनच तो वाद कठीण होता.

प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीला कायम ठेवले. संघ पुढील सहाही साखळी सामने जिंकला आणि ३ फेब्रुवारी २००२ रोजी सेंट लुईस रॅम्सवर २०-१७ अशी मात करून 'सुपर बोल' हे अजिंक्यपद त्याने प्रथमच मिळविले. ब्रेडीने कारकीर्दीत ते एकूण सात वेळा मिळविले, हे आज सर्वविदित आहे.

येथेच लेख संपविला असता तर बोध फार सोपा झाला असता: नवोदितास संधी द्या, तो सोने करील! परंतु विद्यार्थ्यांपुढे अर्धे सत्य ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. म्हणून दुसरे उदाहरण पाहू. १९९९ च्या हंगामात 'बफेलो बिल्स' या संघात डग फ्लूटी हा बुटका, सदतीस वर्षांचा, परंतु लोकांचा लाडका क्वार्टरबॅक होता. पंधरा सामन्यांत त्याने दहा विजय मिळवून दिले. त्याच्यामागे उभा होता उंचापुरा, तरुण रॉब जॉन्सन. त्याच्याविषयी मोठ्या अपेक्षा होत्या. पुरावा मात्र थोडा होता. बाद फेरीच्या सामन्यासाठी प्रशिक्षक वेड फिलिप्स यांनी फ्लूटीला बसवून जॉन्सनला खेळविले. ८ जानेवारी २००० रोजी टेनेसी टायटन्सविरुद्ध बिल्स हरले, आणि पुन्हा बाद फेरी गाठण्यास त्यांना २०१७ चा हंगाम उजाडावा लागला. निर्णय चुकला, असे लोक आजही म्हणतात.

मात्र त्या सामन्याचा शेवट लक्षात घ्या. सोळा सेकंद उरले असताना बिल्स १६-१५ असे पुढे होते आणि त्या आघाडीपर्यंत संघास नेणारा जॉन्सनच होता. नंतर चेंडू परतविताना टेनेसीच्या गड्यांनी तो एकाकडून दुसऱ्याकडे देत थेट पंचाहत्तर यार्ड पळविला आणि सामना जिंकला. त्या वेळी जॉन्सन मैदानाबाहेर उभा होता! तो डाव साधला नसता तर तोच फिलिप्स दूरदर्शी ठरला असता. तात्पर्य, केवळ फळावरून निर्णयाची पारख करणे फसवे असते.

मग पारख कशावरून करावी? आमच्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली तयारीची. ब्रेडीचे यश हे आकाशातून पडलेले नव्हते. २००१ च्या सराव शिबिरातच त्याने दुसरे स्थान कष्टाने मिळविले होते आणि प्रशिक्षकांनी ते रोजच्या रोज पाहिले होते. प्रेक्षकांस जी मूठ झाकलेली वाटत होती, ती प्रशिक्षकांपुढे उघडलेली होती. दुसरी गोष्ट धीराची. डेन्व्हरच्या त्या चार चुकांनंतर ब्रेडीला कोणी बसविले नाही. एका डावास आम्ही संधी म्हणत नाही. चूक करून ती सुधारण्याचा अवकाश ज्यात नाही, ती संधी नसून केवळ कसोटीचा देखावा होय.

हे लिहिण्याचा आम्हांस अधिकार आहे काय, असे कोणी विचारील तर आम्ही मान खाली घालू. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेस आम्ही सतत तीन वर्षे एकाच विद्यार्थ्यास पाठविले. तो हमखास ढाल आणी आणि ढाल आम्हांस प्रिय होती. चौथ्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो तापाने आजारी पडला. तेव्हा दोन वर्षे राखीव म्हणून नुसतेच नाव लिहिलेल्या एका मुलीस आम्ही उभे केले. ती घरी कोंकणी बोलणारी, जशी आमचीही मातृभाषा कोंकणीच. व्यासपीठावरील ग्रंथिक मराठी जिभेवर बसण्यास किती दिवस घोटावी लागते, हे आम्हांस स्वानुभवाने ठाऊक होते. तरी तिला आम्ही एका रात्रीत भाषण पाठ करावयास लावले. चौथ्या वाक्यावर ती अडली आणि खाली उतरली. परतीच्या बसमध्ये आम्ही सहकाऱ्यांस म्हणालो, "पाहिलेत? म्हणून तर दुसऱ्या कोणास पाठवीत नव्हतो." ती पुढच्याच आसनावर बसली होती. पुढील वर्षी तिने नाव दिले नाही, त्यानंतरही नाही. ती अपात्र होती असे आम्हांस त्या दिवशी वाटले. आज वाटते की, त्या दिवशी नापास झालो ते आम्हीच.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेच्या प्रत्येक संघात, मग तो खेळाचा असो, वक्तृत्वाचा असो की नाटकाचा, राखीव विद्यार्थ्यास सरावातील ठरावीक वाटा मिळावा आणि ज्यात हरल्याने फारसे बिघडत नाही असा एक तरी सामना वा प्रयोग त्याच्या वाट्यास यावा. यामुळे कदाचित एखादी ढाल हुकेल. हुको! कपाटातील ढालींवर धूळ बसते. बसमधील ते वाक्य मात्र अजून आमच्या कानांत ताजे आहे.

आणि ज्यांची जागा दुसऱ्याने घेतली आहे, त्यांनी ब्लेडसोचे स्मरण ठेवावे. मनात खंत असूनही त्याने सराव सोडला नाही. २७ जानेवारी २००२ रोजी पिट्सबर्ग येथील उपान्त्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा चार महिन्यांनी मैदानात उतरून ब्लेडसोनेच संघास अंतिम सामन्याची वाट मोकळी करून दिली. त्या दिवशी राखीव गडी तो होता आणि त्याची तयारी पूर्ण होती.

विद्यार्थिमित्रांनो, बाकावर बसणे हा अपमान नव्हे. तेथे बसून तुम्ही तयारी करा. तुम्हांला वेळेवर उठविण्याची जबाबदारी आम्हां शिक्षकांची आहे. ती आम्ही विसरलो तर निःसंकोचपणे आठवण करून द्या.