आधी चालत होतं, आता चालत नाही

"काका, हा डबा आता भंगारात द्या," पुतण्या म्हणाला. डबा म्हणजे माझ्या पुढच्या खोलीतला संगणक. वय वर्षं पंधरा. त्यावर लिनक्स आहे, आणि संध्याकाळी हर्सूलमधल्या आमच्या गल्लीतली चार-सहा पोरं त्यावर बसतात. कुणी मराठी टायपिंग शिकतं, कुणी नकाशे बघतं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माझी शाळा अशी अजून भरते.

झालं काय, तर एका रात्री मी अपडेट केलं आणि सकाळी पडदा काळा! पंखा फिरतोय, दिवा लागतोय, सुरू झाल्याचा आवाजही येतोय. फक्त दिसत काही नाही. पुतण्याचं निदान तयार होतं, "जुनं झालं." मी म्हटलं, अरे, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. एका रात्रीत म्हातारं कसं होईल?

लिनक्समध्ये एक सोय आहे. सुरू होताना यादीतून आधीचं कर्नेल निवडता येतं. (कर्नेल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. फौजेतला कर्नल नव्हे!) जुनं निवडलं, पडदा उजळला. नवं निवडलं, पुन्हा अंधार. म्हणजे यंत्र धडधाकट होतं. बिघाड नव्या कर्नेलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये होता. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि चित्र काढणारी चिप यांच्यामधला दुभाषा. नव्या चिपसाठी त्याच्यात सुधारणा करायला गेले आणि जुनी चिप मुकी झाली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! याला ती मंडळी 'रिग्रेशन' म्हणतात. आधी चालत असलेलं, दुरुस्तीमुळे बिघडलेलं.

हे काही माझ्याच नशिबी आलं असं नाही. एप्रिल २००९ मध्ये उबुंटू ९.०४ आलं, तेव्हा इंटेलच्या ग्राफिक्सवर ते मंदावलं होतं, आणि तसं त्यांनी स्वतःच्या प्रकाशन-टिपणात लिहूनही टाकलं होतं.

मी तक्रार लिहिली. कशी? मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा तशी. "पडदा काळा पडतो, कृपया लक्ष घालावे." उत्तर आलं नाही. चार दिवस मीही मनात बोटं मोडली. मग माझं मलाच हसू आलं. पस्तीस वर्षं मी पोरांना काय सांगत होतो? "सर, गणित येत नाही" असं म्हणू नकोस. कोणतं गणित, कितव्या पायरीपर्यंत आलं आणि कुठं अडलं ते सांग. आणि मी स्वतः काय लिहिलं होतं? "गणित येत नाही"!

मग रीतसर बसलो. वर्गात शेवटच्या तासाला आम्ही एक खेळ खेळायचो. मनात १ ते १००० मधला आकडा धर. ५०० पेक्षा मोठा? हो. ७५० पेक्षा? नाही. दहा प्रश्नांत आकडा सापडतोच. दोष शोधायलाही हाच खेळ आहे, त्याचं नाव 'बायसेक्ट'. कर्नेलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा-पंधरा हजार बदल असतात. मधोमध थांबून बघायचं, पडदा दिसतो का? दिसला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. पंधरा हजारांतून एक बदल पकडायला चौदा फेऱ्या पुरतात. पुतण्या कुरकुरत का होईना बसला. त्याच्या नव्या संगणकावर तो प्रत्येक वेळी कर्नेल तयार करायचा, मी माझ्या डब्यावर 'दिसतं' किंवा 'नाही' एवढंच सांगायचो. पाच रविवार गेले.

दुसऱ्या तक्रारीत मोजून सात ओळी होत्या. कोणती चिप, कोणत्या आवृत्तीपर्यंत ठीक, कोणत्यापासून बिघाड, तो दर वेळी होतो का, आणि बायसेक्टमध्ये सापडलेला नेमका बदल. सोबत यंत्राची नोंदवही. इंग्रजी माझं बेताचंच, बीए मराठीचा. पण व्याकरणाला कुणी हसलं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, "हा बदल लावून पाहाल का?" लावला. उजेड!

त्या दुरुस्तीखाली दोन ओळी होत्या. एकीत, ही आधीच्या कोणत्या बदलातली चूक सुधारते त्याचा क्रमांक. दुसरीत, चूक कळवणाऱ्याचं, म्हणजे माझं नाव. ही त्यांची रीतच आहे. चूक झाकायची नाही, आणि दाखवणाऱ्याला श्रेय द्यायचं. आपल्या किती कचेऱ्यांत अशी पद्धत आहे, तुम्हीच सांगा.

कुणी म्हणेल, फुकटात वापरता आणि वर तक्रार? पण लिनस टॉरवाल्ड्स यांचा वर्षानुवर्षांचा नियमच आहे. कर्नेलमधल्या बदलानं वापरणाऱ्याचं चालतं काम बिघडलं, तर चूक कर्नेलची, वापरणाऱ्याची नाही. थॉर्स्टन लेमहुइस नावाचे जर्मन गृहस्थ तर अशा रिग्रेशनचा हिशेब ठेवण्याचंच काम करत आले आहेत. पण नियम कितीही चांगला असो, कुणी कळवलंच नाही तर तो लागू कसा होणार?

खरा मुद्दा इथं आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या टेबलावर माझी चिप नसते. दोष त्याला दिसतच नाही. मराठीचं उदाहरण देतो. 'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. एका 'ऱ्या'चा फरक! युनिकोडमध्ये ऱ ला हलन्त जोडून हे रूप मिळवायची सोय आहे. पण एखाद्या फॉन्टच्या नव्या आवृत्तीत ते बिघडलं, तर मराठी न वाचणाऱ्या अभियंत्याला कळायचं कसं? त्याच्या दृष्टीनं दोन्ही नक्षीच. ते आपल्यालाच सांगावं लागणार.

आणि गप्प राहण्याची किंमत असते. मेसा नावाच्या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पानं २०२२ साली आपल्या २२.० आवृत्तीतून जुने 'क्लासिक' ड्रायव्हर काढले आणि 'अंबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. त्यांनाही दोष देता येत नाही, सांभाळणारी माणसं मोजकी. काही जुन्या चिपना नवे ड्रायव्हर मिळाले, काही अंबरमध्येच राहिल्या. पण ज्या यंत्राबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, ते कुणी वापरत नाही असंच दूरच्या माणसाला वाटणार ना? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला. तेव्हापासून कितीतरी चालते संगणक भंगाराच्या वाटेवर आहेत. त्यातले काही लिनक्सवर येतील, आपल्यासारख्यांच्या घरी, शाळांत. ते जगवायचे तर नुसतं चहाच्या टपरीवर कुरकुरून भागणार नाही. सोसणं आपल्याला येतं, कुरकुरणंही येतं. नेमकं सांगणं तेवढं शिकायचं राहिलंय.

चौदा फेऱ्या प्रत्येकाला जमतील असं नाही. निदान आधीचं कर्नेल लावून पाहा, आणि "अमुक आवृत्तीपर्यंत चालत होतं, तमुकपासून नाही" एवढी ओळ तरी लिहा. तेवढ्यावरही शोध सुरू होतो.

असो. पुतण्या हल्ली भंगाराचं नाव काढत नाही. पोरं आली वाटतं, आता त्यांना खुर्ची सोडायला हवी.