सोहळे ओसरले, प्रश्न उभाच!

कोरोनाने पुरस्कार सोहळ्यांचे पितळ उघडे पाडले. अमेरिकेत ऑस्कर सोहळा २०२० साली सुमारे २ कोटी ३६ लाख लोकांनी पाहिला; २०२१ साली जेमतेम १ कोटी ४ लाखांनी. चित्रपटगृहेच बंद, मग न पाहिलेल्या चित्रपटांच्या सन्मानाचे कौतुक कुणाला? साथ सरली, तरी २०२५ पर्यंत आकडा २ कोटींच्या आतच राहिला.

त्याच एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात वीरा साथीदार कोरोनाने गेले. त्यांनी लोकशाहीर साकारलेला 'कोर्ट' २०१५ साली सुवर्णकमळाचा मानकरी ठरला, ऑस्करसाठी भारताची प्रवेशिकाही झाला. सफाई कामगाराचा गटारात मृत्यू आणि खटला मात्र शाहिरावर, हा त्याचा विषय. बांधवांनो, सोहळे पाहिले नाहीत तरी चालेल. 'कोर्ट' पनवेलपासून नागपूरपर्यंत वस्तीवस्तीत दाखवला गेला पाहिजे!