पावती फाडा, बैठकीला जा

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारातून एक चक्कर मारा. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, कुठेही. गॅरेज, वेल्डिंग, पंक्चर, फळांचे गाडे, बांगड्या, बेकरी, फर्निचर, मोबाइल दुरुस्ती. यातली किती दुकाने आपली आहेत हे मोजायला फार वेळ लागत नाही. बागवान, मणियार, अत्तार, तांबोळी ही आपली आडनावेच मुळी धंद्यावरून पडलेली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि तिच्यात साधारण सहातला एक माणूस मुसलमान. आता त्याच गावच्या व्यापारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची यादी वाचा. मी पाहिलेल्या याद्यांमध्ये आपले नाव असलेच तर एखादे, तेही शेवटी, ‘सदस्य’ म्हणून.

यात भेदभाव अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण भेदभावाची तक्रार करायलाही आधी अर्ज भरलेला असावा लागतो. आपल्यातल्या बहुतेकांनी वर्गणीची पावतीच फाडलेली नसते. ‘आपल्याला कोण विचारतंय’ हे आपण कुणी विचारण्याआधीच ठरवून मोकळे होतो.

आमच्या मामूंचे टायरचे दुकान आहे. नगरपालिकेने रस्त्याच्या कडेच्या नालीचे काम काढले, ते मामूंना कळले ते दुकानासमोर जेसीबी उभा राहिल्यावर. पुढचे तीन आठवडे गाडी दुकानापर्यंत येईना. रस्त्याच्या पलीकडच्या हार्डवेअरवाल्याला ही खबर दहा दिवस आधी होती, कारण संघटनेच्या बैठकीत मुख्याधिकाऱ्यांशी बोलणे झाले होते आणि त्यांच्या बाजूचे काम सणानंतर करायचे ठरले होते. यात कुणी मामूंविरुद्ध कट केला नव्हता. ते त्या खोलीत नव्हते, एवढेच. बाजार कोणत्या वारी बंद ठेवायचा, दिवाळीत आणि ईदला वाहतूक कुठून वळवायची, पालिकेच्या गाळ्यांचे भाडे किती वाढू द्यायचे, चोऱ्या वाढल्या तर ठाण्यात कोण जाणार, हे सगळे त्या खोलीत ठरते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा ज्यांना शेजारी बसून विचारायला कुणी होते ते लवकर सावरले. बाकीचे एजंटला पैसे देत राहिले.

काही ठिकाणी तर कायद्यानेच संघटनेला खुर्ची दिलेली आहे. पथविक्रेता कायदा २०१४ चा. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी. गाडा कुठे लागेल, कुठे लागणार नाही, यावर या समितीचे म्हणणे महत्त्वाचे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश महिला हव्यात आणि अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व हवे असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याच समितीत व्यापारी संघटनांचेही प्रतिनिधी बसतात. म्हणजे फळाच्या गाड्यांबद्दल बोलताना समोर जो दुकानदारांचा माणूस बसणार, तो कोण असावा हे संघटनेत ठरते. तिथे आपण नसलो तर गाडेवाला आणि दुकानदार यांच्यातल्या रोजच्या कुरबुरीला धर्माचा रंग चढायला वेळ लागत नाही. मोंढ्यातही तेच. बाजार समितीच्या १८ संचालकांपैकी दोन अडते आणि व्यापाऱ्यांमधून येतात, एक हमाल-मापाड्यांमधून. परवाना असेल त्यालाच तिथे मत आहे. नावावर परवाना न घेता दुसऱ्याच्या अडतीवर वर्षानुवर्षे सौदा करणारे आपल्यात कमी नाहीत.

मला यापेक्षाही जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे हिंदू-मुस्लिम दंगलींवरचे पुस्तक २००२ मध्ये आले. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: एका गावात दंगल भडकते आणि तशाच दुसऱ्या गावात अफवा येऊन विरून जाते, असे का? त्यांचे उत्तर होते, दोन्ही समाज एकत्र असलेल्या संघटना. व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या. शेजारपाजारची उठबस, ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ हे खेड्यात पुरते, शहरात ताण वाढला की पुरत नाही. सुरतेत १९९२-९३ मध्ये दंगल झाली ती मुख्यतः नव्या झोपडपट्ट्यांत. व्यापारी संघटनांचे जाळे असलेले जुने शहर बरेचसे शांत राहिले. कारण समजायला अवघड नाही. रात्री अकराला अफवा आली की फोन कुणाला करायचा हे ज्यांना माहीत असते, ते सकाळपर्यंत थांबत नाहीत.

परभणीकरांना हे वेगळे सांगायला नको. ११ डिसेंबर २०२४ चा बंद सगळ्यांना आठवतो. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतरचा तो संताप होता आणि त्याला हिंसक वळण लागले. दुकाने आणि गाड्या फुटल्या, पुढे पोलिसांच्या कारवाईवरून आणि कोठडीतल्या मृत्यूवरून शहर हादरले. त्या प्रकरणात हिंदू-मुस्लिम प्रश्न नव्हता. पण बाजार पेटतो तेव्हा प्रशासन शांतता समितीची बैठक बोलावते आणि त्या बैठकीचे निमंत्रण व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना जाते, हे प्रत्येक गावात दिसते.

‘आपली वेगळी मुस्लिम व्यापारी संघटना काढू,’ असे अनेक तरुण म्हणतात. बिरादरीच्या जमाती आहेत, त्या फी भरतात, निकाह लावून देतात, आजारपणात धावतात. त्या राहोत. पण बाजारातला रस्ता, वीज आणि अफवा बिरादरी विचारून येत नाहीत. वेगळी संघटना काढली की समोरच्यालाही ‘त्यांची’ आणि ‘आपली’ अशी वाटणी सोयीची होते.

बहिष्काराचे काय, हा प्रश्न खरा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा ठराव केला. प्रशासनाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. आपण सदस्य झालो म्हणून असे ठराव येणारच नाहीत, असा दावा मी करत नाही. पण असा ठराव जिथे मांडला जाईल तिथे ज्याच्याशी वीस वर्षे उधारी-उसनवारी चालली तो माणूस समोर बसलेला असेल, तर हात वर करताना लोक थोडे थांबतात. परभणीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात दोन्ही समाजांची दुकाने लागतात. तो उरूस कुणाला नकोसा झालाच, तर सगळ्यात आधी व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येईल. हे बैठकीत बोलून दाखवणारा कुणीतरी हवा.

आणि दीनच्या बाजूने शंका असेल तर हिल्फुल फुजूल आठवा. येमेनच्या जबीद कबिल्याचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइलने माल घेतला आणि पैसे बुडवले. परक्या माणसाला कोण विचारतो? तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही लोक जमले आणि मजलूम कुणीही असो, त्याचा हक्क मिळवून देण्याची शपथ त्यांनी घेतली. हजरत मुहम्मद (स.) तेव्हा साधारण वीस वर्षांचे होते आणि त्या करारात सामील होते. ही नबुव्वतच्या आधीची गोष्ट. तो करार मुसलमानांचा नव्हता, तरी नबी झाल्यानंतरही आज कुणी बोलावले तर मी जाईन, असे त्यांनी सांगितले. बाजारातल्या एका बुडीत बिलावरून तो करार सुरू झाला होता.

पतसंस्थेच्या व्याजाचा प्रश्न मला अनेकांनी विचारला. व्यापारी संघटनेचे सदस्यत्व आणि पतसंस्थेचे सभासदत्व या वेगळ्या गोष्टी आहेत. एक घेतले म्हणून दुसरे घ्यावे लागत नाही.

आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना एक सूचना. तुम्ही गेलात की पहिल्याच महिन्यात सदस्यांची यादी एक्सेलमध्ये भरायला, बॅनर बनवायला आणि सगळ्यांच्या यूपीआयच्या अडचणी सोडवायला तुम्हालाच सांगतील. करा. मन लावून करा. पण वर्षभराने निवडणूक आली की ‘भाई आपला कॉम्प्युटर बघतो’ एवढ्यावर थांबू नका, सहसचिवपदाचा अर्ज भरा. अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतात. त्यांतला एक तरी दुसऱ्या समाजाचा असेल, एवढी ओळख वर्षभरात होते. आणि घरून शिवणकाम, केक, मेहंदीचा धंदा करणाऱ्या आपल्या बहिणींना दुकान नाही म्हणून सदस्यत्व नाकारणारा नियम असेल, तर तो बदलायचा पहिला ठराव तुम्हीच मांडा.