दप्तरात मावेल असा संगणक

जून-जुलै उजाडला की रायपूरच्या तेलीबांधा भागातील मध्यमवर्गीय घरांत एका प्रश्नावर खल सुरू होतो. कन्येचा अथवा चिरंजीवांचा महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झालेला असतो. आता लॅपटॉप कोणता घ्यावयाचा? विक्रेता पडद्याचा आकार आणि प्रोसेसरचा वेग सांगतो, आप्तेष्ट कंपन्यांची नावे सुचवितात आणि बहुधा पंधरा इंची, चकचकीत, जडशीळ यंत्र मासिक हप्त्यावर घरी येते. ते ऑटोरिक्षातून, जेवणाच्या डब्याशेजारून वर्षभर हिंडणार आहे आणि मे महिन्यात चाळीस अंशांपुढील उन्हाळा सोसणार आहे, हा विचार मागाहून सुचतो. वास्तविक हा क्रम उलटा असावयास हवा.

लहान, मजबूत आणि स्वस्त या तिन्ही गुणांची सांगड घालण्याचा एक गाजलेला प्रयत्न महाराष्ट्रातही पोहोचला होता. निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या बालसंगणकाची कल्पना मांडली आणि २००७ मध्ये ते हिरवे-पांढरे यंत्र रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या एकशिक्षकी मराठी शाळेत आले. वजन दीड किलोच्या आत, पडदा साडेसात इंची आणि भर उन्हातही वाचता येणारा. धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून कळफलक अखंड रबरी, आणि उचलण्यासाठी अंगचीच मूठ! फिरणारी हार्ड डिस्क त्यात मुळातच नव्हती. अवघ्या १ गिगाबाइट फ्लॅश स्मृतीवर काम भागविलेले होते. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच उतरली नाही, ती दोनशेच्या घरातच राहिली. तरीही रचनाकारांनी काटछाट केली ती वेगात, टिकाऊपणात नव्हे. आणि ते योग्यच होते.

याउलट ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत समारंभपूर्वक सादर झालेल्या 'आकाश' या टॅब्लेटचे. तेथे किंमत आधी ठरली आणि बाकी सारे तिच्यात बसविले गेले. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दाबून वापरावयाचा पडदा विद्यार्थ्यांच्या गरजेला पुरे पडेना. नोव्हेंबर २०१२ मध्ये अधिक सक्षम आवृत्ती आणावी लागली.

आजच्या ग्राहकाने म्हणूनच किमतीच्या फलकाआधी यंत्राची बिजागरी पाहावी. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडताना ते वाकत असेल, तर ते यंत्र दप्तरासाठी नव्हे. अकरा ते तेरा इंची पडदा आणि सव्वा किलोच्या आसपास वजन विद्यार्थ्यास पुरेसे होते. साठवणूक एसएसडीवर असावी, शक्यतो बदलता येणाऱ्या. स्वस्त यंत्रांतील ईएमएमसी मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती बिघडली की दुरुस्ती परवडत नाही. लष्करी दर्जाची मजबुती असल्याची जाहिरात दिसली, तर नेमक्या कोणत्या चाचण्या घेतल्या ते विचारावे. त्या दर्जात चाचण्या अनेक आहेत, आणि सर्वच घेतल्या जातात असे नाही.

वापरलेले यंत्र घेण्यात कमीपणा नाही, मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. सुरक्षा-सुधारणा बंद झालेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे कुलपाविना तिजोरी वापरणे होय. क्रोमबुकलाही अशी मुदत असते. ती यंत्राच्या सेटिंगमध्ये पाहता येते.

आता हप्त्यांविषयी. वॉरंटी एका वर्षाची आणि हप्ते तीन वर्षांचे, हा सौदा बँकेच्या ग्राहकाला तरी शोभत नाही. पडदा फुटल्यावरही हप्ता चुकत नाही! वर्षभर आवर्ती ठेव चालवून अर्धी रक्कम रोख भरली, तर उरलेला भार बेताचा राहतो. एवढे करून, बॅटरी रायपुरातच मिळते की नागपूरहून मागवावी लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. पावती फाडल्यानंतर या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बराच वेळ लागतो.