घास अडकतो, ती ॲसिडिटीच का?

छातीत जळजळले की आपण ‘ॲसिडिटी’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत येते. जेवून लगेच आडवे झाले, वाकले की जळजळ वाढते, तोंडात आंबट पाणी येते.

पण घरातला मुलगा कोरडी भाकरी किंवा मटणाचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय उतरवू शकत नसेल, पंगतीतून शेवटी उठत असेल, तर त्याला चिडवू नका. त्याच्या अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज असू शकते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. बहुधा दूध, गहू, अंडी असे रोजचेच पदार्थ कारण असतात. दमा, इसब, सततच्या शिंका असणाऱ्यांत हा आजार जास्त. १९९०च्या दशकात तो वेगळा ओळखला गेला.

गोळीने बरे वाटले म्हणजे ॲसिडिटीच, असे मात्र धरू नका. आम्ल कमी करणाऱ्या त्याच गोळीने काहींची ही सूजही उतरते. निदान होते ते दुर्बिणीने अन्ननलिकेचे निरनिराळ्या जागचे निदान सहा बारीक तुकडे काढून तपासल्यावरच. नळी वरवर चांगली दिसली तरी तुकडे घेणार का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात १५ वा अधिक इओसिनोफिल दिसले, तर संशय पक्का होतो.

दूध-अंडी आपल्या मनाने बंद करून पोराला अशक्त करू नका. पण चालढकलही नको, वर्षानुवर्षांच्या सुजेने नळी अरुंद होते. घास अडकून थुंकीही गिळता येईना, तर वरून केळे, भात कोंबू नका. तडक दवाखाना गाठा.