सरपण ओळखूनच चुलीत घालावे

उज्ज्वला योजनेमुळे २०१६ पासून अनेक घरी गॅस पोहोचला; तरी जवळा बाजार परिसरात बांधावरचे सरपण अद्याप चुलीत जातेच. परंतु ‘लाकूड तेवढे सारखे’ ही समजूत शेतकरी बंधुभगिनींनी सोडली पाहिजे.

पाने गळाली तरी साल, गाभा, वजन व वास यांवरून झाड ओळखता येते. काळपट, उभ्या भेगांची साल आणि तांबूस, जड गाभा असल्यास ती बाभूळ होय. तिचा सरळ ओंडका जाळण्याऐवजी औतासाठी सुताराकडे न्यावा. मळकट पांढरे, हलके लाकूड बहुधा पळसाचे. त्याचा निखारा टिकत नाही. कापल्या जागी पाझरणारा रस काळा पडल्यास बिब्बा समजावा; त्या रसाने अंगावर फोड उठतात. कण्हेर तर सर्वांगी विषारी. तिचा धूरही अपायकारक असतो. वाळल्यावर तिच्या काड्या इतर काटक्यांत सहज मिसळतात. म्हणून छाटणीच्या वेळीच त्या वेगळ्या काढाव्यात. ओळख न पटलेले लाकूड चुलीबाहेरच राहू द्यावे.

सरपण बहुधा स्त्रियाच वेचतात आणि धूरही त्यांच्याच वाट्यास येतो. यास्तव गावोगावच्या महिला मेळाव्यांत लाकडाचे प्रत्यक्ष तुकडे दाखवून ही ओळख करून देणे, हे विस्तार कार्याचे आवश्यक अंग मानले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.