ल मोर्नखेरीजही डोंगर आहेत

मे-जूनचा गारवा सुरू झाला, चक्रीवादळांचे भय सरले, की आपल्या बेटावरील कुटुंबांना डोंगर आठवतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. आमच्या लहानपणी रविवार म्हणजे समुद्रकिनारा, असे जणू ठरूनच गेले होते. आता तरुण मुलेमुली पाठीला पिशव्या लावून पहाटेच घराबाहेर पडतात, कधी आईवडिलांनाही आग्रहाने बरोबर नेतात. परंतु ही सारी पावले एकाच डोंगराकडे वळतात. तो डोंगर म्हणजे ल मोर्न. याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्हीही त्या वाटेला लागलो होतो. पायथ्याशी मोटारींची रांग लागलेली. अर्धी वाट रुंद आणि सोपी आहे, तेथवर सारे ठीक चालले. पुढे खडक सुरू होतो, हातापायांनी चढावे लागते आणि काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. तेथे चढणारे खाली खोळंबले होते आणि उतरणारे वर. मागचे पुढच्यांना घाई करीत होते, कोणी मोठ्याने गाणी लावली होती आणि एक लहान मूल कड्याकडे पाहून रडत होते. वर क्रूसापाशी पोहोचावे तर फोटो काढण्यासाठी पुन्हा रांग! ज्या शांततेसाठी माणूस डोंगरावर जातो, ती आम्हांला त्या दिवशी मिळाली नाही. खरे सांगायचे तर, त्या गर्दीत आम्हीही होतोच. म्हणून हा दोष केवळ इतरांच्या माथी मारण्याचा आमचा विचार नाही.

ल मोर्नची उंची 556 मीटर. ही वाट पूर्वी खासगी जमिनीत होती, ती 2016 साली सर्वांसाठी खुली झाली आणि लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले. परंतु हा डोंगर इतर डोंगरांसारखा नाही. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी याच्या कड्याकपारींत आसरा घेतला होता. 1835 साली गुलामगिरी संपली, तेव्हा ती बातमी सांगण्यास शिपाई वर चढले, आपल्याला पकडावयास आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. 2008 साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले ते याच स्मृतीमुळे.

वाचकहो, पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आपण कशा चढतो? आपले पूर्वज रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची गावे सोडून मजुरीच्या करारावर या बेटावर आले. त्यांची आठवण काढीत आपण तेथे आवाज खाली आणतो, मुलांना हात धरून गप्प राहावयास सांगतो. त्या पायऱ्यांवर कोणी गाणी लावून जेवणाचे डबे उघडले, तर आपल्याला कसे वाटेल? घाट जसा आपला, तसा ल मोर्न आपल्या क्रेओल शेजाऱ्यांचा. 2 नोव्हेंबरला आपण जो मान मागतो, तो 1 फेब्रुवारीच्या स्मृतीला आपणही दिला पाहिजे. ल मोर्नला अवश्य जावे, पण वर्षातून एकदा, शांत मनाने आणि शक्य तर आठवड्यातील कामाच्या दिवशी जावे.

दुसरी गोष्ट झाडांची. आपले राष्ट्रीय पुष्प ‘बुक्ल दोरेय’ रानात या एकाच डोंगरावर उगवते. एखाद्या फुलाला साऱ्या जगात एकच घर असते, तेव्हा त्या घरात किती पाहुण्यांनी शिरावे, याला मर्यादा असावयास हवी. गर्दी झाली की घाई झालेले लोक वाट सोडून बाजूने चढतात, बुटांखाली माती सुटते आणि पुढच्या पावसात ती वाहून जाते.

मग रविवारी जावे कोठे? आपल्या बेटावर डोंगरांची वाण नाही.

मोका जिल्ह्यातील ल पूस पाहा. पूस म्हणजे अंगठा, आणि 812 मीटर उंचीचा हा डोंगर खरोखरच उभ्या अंगठ्यासारखा दिसतो. मोकाच्या बाजूने उसाच्या मळ्यांतून वाट जाते. शेवटचा थोडा चढ सोडला तर सवयीच्या माणसाला ती कठीण नाही. 1836 च्या मे महिन्यात चार्ल्स डार्विन हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ बेटावर उतरला असता याच डोंगरावर चढला होता. वरून एका बाजूस पोर्ट लुईचे बंदर दिसते. शेजारचा पीटर बोथ मात्र दुरूनच पाहावा. त्याच्या माथ्यावरील धोंड्याशी दोराशिवाय कोणी खेळू नये.

बेटाचे सर्वोच्च शिखर, 828 मीटरांचे पितों द ला पेतित रिव्हिएर न्वार, किती जणांनी पाहिले आहे? शामारेलहून प्लेन शांपान्यकडे जाणाऱ्या रस्त्यावरून तेथील वाट फुटते. बराच वेळ ती झाडीतून साधीच चालते, अखेरचा चढ मात्र उभा आणि निसरडा आहे. या भागात लाल चिनी पेरू, म्हणजे आपले गोयाव-दे-शीन, खात खात जाण्याची मजा मुलांना सांगावयास नको. तेवढ्यात हेही सांगावे, की हे झुडूप बाहेरून आलेले आहे आणि ते आपल्या मूळ एबनीच्या रोपांना वर येऊ देत नाही.

महाशिवरात्रीला आपण गंगा तलावाकडे पायी जातो, त्याच भागात पेत्रें आहे. तेथून माकाबेच्या जंगलात रुंद आणि बहुतांशी सपाट रस्ता जातो. 1994 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा हा गाभा होय. रस्त्याच्या टोकाशी उभे राहिले की ब्लॅक रिव्हरची सारी दरी पायाखाली पसरते. ज्यांचे गुडघे बळकट आहेत त्यांनी पुढे दरीत उतरावे, इतरांनी आल्या वाटेने परतावे. नशीब असेल तर मॉरिशसचा छोटा ससाणाही दिसेल. 1974 साली रानात या जातीचे अवघे 4 पक्षी उरले होते. ती जात आज जिवंत आहे, ती काही माणसांनी चिकाटीने केलेल्या कामामुळे.

पूर्वेकडे व्हिए ग्रां पोर जवळ बसलेल्या सिंहासारखा लायन माउंटन आहे. उंची 480 मीटर, पण चढ दमवणारा. जेथे 1598 साली डच प्रथम उतरले आणि 1810 साली इंग्रज-फ्रेंच आरमारांची झुंज झाली, तो समुद्र येथून समोर दिसतो. शाळेत शिकलेला इतिहास मुलांना एका नजरेत समजेल.

आजी-आजोबांना घरी ठेवून जाण्याचेही कारण नाही. ब्रा दो या राष्ट्रीय उद्यानात सपाट जमिनीवर सावलीतून फिरता येते. क्यूरपीपच्या त्रू ओ सेरच्या काठाने तर पक्का रस्ताच आहे. तेथे उभे राहून चारी दिशांचे डोंगर नातवंडांना नावानिशी दाखवावेत.

हेन्रिएटाजवळचे सात धबधबेही सुंदर आहेत, परंतु ते वरूनच पाहावेत. ज्यांना खाली उतरावयाचे असेल त्यांनी वाट जाणणारा माणूस बरोबर घ्यावा, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत रद्द करावा. पाणी केव्हा वाढेल याचा नेम नसतो.

येथे एक शंका कोणी काढील: ल मोर्नची गर्दी या वाटांवर गेली, तर त्यांचीही तीच गत होणार नाही काय? होईल, आपण वागणूक न बदलता केवळ जागा बदलली तर. तेव्हा लहान गट करावेत, सूर्योदयाबरोबर निघावे, नेलेला कचरा परत आणावा आणि मळलेली वाट सोडू नये. संबंधित खात्यांनीही या वाटांवर अंतर आणि वेळ सांगणारे फलक लावावेत आणि रविवारी डोंगरांच्या पायथ्यापर्यंत बसगाड्यांची सोय करावी. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याच्यापर्यंत आमचा हा सल्ला एरवी पोहोचणारच नाही.

आपल्या मराठी मंडळांना आणि शिक्षकांना आमची एक वेगळी विनंती आहे. आपले पूर्वज सह्याद्रीच्या पायथ्याचे. त्यांच्या बोलीत कडा होता, खिंड होती, सुळका होता, घळ होती, पठार होते. आज आपल्या मुलांना या सर्वांसाठी ‘मोंताञ’ हा एकच शब्द ठाऊक आहे. वर्गात हे शब्द पाठ करून घेण्यापेक्षा महिन्यातून एकदा मुलांना ल पूसवर न्यावे आणि ही खिंड, हा सुळका, असे बोटाने दाखवावे. पायांनी शिकलेला शब्द मूल विसरत नाही.

दुरून डोंगर साजरे, असे आपल्याकडे म्हणतात. आपले डोंगर जवळूनही साजरे आहेत. येत्या रविवारी वाचकांनी त्यांतील एखादा नवा डोंगर निवडावा, आणि ल मोर्नला त्या दिवशी थोडी विश्रांती द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.